‘प्रमाण’ शब्दाचे तीन अर्थ आणि हेलेना नगरीतील हृदयविकाराचे आकडे

१

मराठीतील ‘प्रमाण’ हा शब्द तीन निरनिराळ्या कामी योजला जातो. ‘मिठाचे प्रमाण’, ‘मृत्यूचे प्रमाण’ अशा प्रयोगांत तो परिमाण अथवा गुणोत्तर दाखवितो. ‘प्रमाणभाषा’, ‘प्रमाणवेळ’ ह्या सामासिक शब्दांत तो तुलनेसाठी स्वीकारलेल्या मानदंडाचा वाचक असतो. आणि ‘प्रत्यक्ष हे प्रमाण’, ‘शब्द हे प्रमाण’ असे म्हणताना तो यथार्थ ज्ञानाचे साधन, म्हणजेच पुरावा, ह्या अर्थी येतो. तिन्ही अर्थांचे मूळ ‘प्र’ उपसर्गपूर्वक ‘मा’, म्हणजे मोजणे, ह्या एकाच धातूत आहे, आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते आकस्मिक नाही. मोजण्यासाठी आधी मानदंड लागतो. मानदंड मिळाला की गुणोत्तर निघते. आणि गुणोत्तर हाती आले की त्याला पुराव्याची प्रतिष्ठा प्राप्त होते. परंतु ह्या तीन पायऱ्या क्रमाने येत असल्या तरी एकीवर पाय ठेवल्याने दुसरी आपोआप चढली जात नाही. प्रत्येकीची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते. एकच शब्द तिन्हींसाठी वापरण्याची सवय जडली म्हणजे नेमकी हीच गोष्ट दृष्टीआड होते.

लोकसमूहाच्या आरोग्याविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात ह्या दृष्टिदोषाची उदाहरणे विपुल आहेत. त्यांपैकी एकाचे येथे सविस्तर विवेचन करावयाचे आहे. अमेरिकेतील माँटाना राज्याची राजधानी हेलेना येथे २००२ साली सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर बंदी आली आणि त्या काळात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण ४० टक्क्यांनी उतरले, असे विधान गेली दोन दशके प्रचारात आहे. हे विधान खोटे आहे असे म्हणता येत नाही. ते जसेच्या तसे खरे आहे असेही म्हणता येत नाही. ते नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

२

प्रथम मूळ हकीकत. हेलेनाच्या नागरिकांनी मतदानाने मान्य केलेला धूम्रपानबंदीचा नियम जून २००२ मध्ये अंमलात आला. कार्यालये, उपाहारगृहे, मद्यालये इत्यादी सर्व बंदिस्त सार्वजनिक जागा त्याच्या कक्षेत होत्या. त्यास विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २००२ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नियमाची अंमलबजावणी स्थगित झाली. म्हणजे नियम प्रत्यक्षात जेमतेम सहा महिने टिकला.

ह्या योगायोगामुळे हेलेना हे एक अनाहूत प्रयोगक्षेत्र बनले. नगर डोंगराळ प्रदेशात, इतर मोठ्या वस्त्यांपासून दूर. आणि हृदयविकाराच्या रुग्णांवर उपचार करणारे रुग्णालय तेथे एकच. त्यामुळे त्या परिसरात ज्याला झटका आला आणि जो रुग्णालयापर्यंत पोहोचला, तो त्याच एका दप्तरात नोंदला जाणार हे बहुतांशी गृहीत धरता येत होते. रिचर्ड सार्जंट व रॉबर्ट शेपर्ड हे तेथील दोन डॉक्टर आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्टँटन ग्लँट्झ ह्यांनी ह्या दप्तराचा अभ्यास केला. २००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी आपले निष्कर्ष प्रथम मांडले, तेव्हा घट सुमारे ६० टक्के असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. एका वर्षाने, एप्रिल २००४ मध्ये, ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये संपूर्ण निबंध छापून आला, तेव्हा हाच आकडा ४० टक्क्यांवर आलेला होता.

निबंधातील मुख्य संख्या थोडक्यात अशा आहेत. एकंदर ३०४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९९८ ते २००१ आणि २००३ ह्या पाच वर्षांत जून ते नोव्हेंबर ह्या सहा महिन्यांत हेलेनातील रुग्णांची सरासरी ४० होती. नियम लागू असलेल्या २००२ सालच्या त्याच महिन्यांत ती संख्या २४ झाली. फरक १६. हेलेनाबाहेरून त्याच रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांची सरासरी १२.४ होती, ती २००२ मध्ये १८ झाली. पहिला फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर ग्राह्य ठरला, दुसरा ग्राह्य ठरला नाही. सारी इमारत उभी आहे ती ह्या चार संख्यांवर.

३

आता पहिली पायरी, मानदंडाची. ह्या प्रकरणी मानदंड म्हणजे ‘४०’ ही सरासरी. ती पाच वर्षांतील पाच संख्यांपासून काढलेली आहे. सरासरी ही वस्तुतः एक भाषिक सोय असते. प्रमाणभाषा ज्याप्रमाणे कोणत्याही एका गावाची बोली नसते, त्याप्रमाणे सरासरी ही कोणत्याही एका वर्षाची हकीकत असेलच असे नाही. तिच्या आसपास प्रत्यक्ष वर्षे वरखाली होत राहतात. असे असूनही, २००२ साली ‘४० व्हावयास हवे होते, २४ झाले’ असे म्हटले की सरासरीला निसर्गनियमाचे रूप येते आणि तिच्यापासून झालेले विचलन ही एक घटना ठरते, जिच्यासाठी कारण शोधावे लागते.

मानदंडाचा दुसरा घटक म्हणजे व्याख्या. हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा तुटून त्याचा काही भाग मृत होणे, ह्याला हृदयविकाराचा झटका म्हणतात. मात्र तो झाला आहे किंवा नाही हे ठरविण्याच्या कसोट्या कालमानाने बदलत आलेल्या आहेत. सप्टेंबर २००० मध्ये युरोपातील व अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी संयुक्तपणे नवी व्याख्या प्रसिद्ध केली आणि रक्तातील ट्रोपोनिन ह्या प्रथिनाच्या मापनाला निदानात मध्यवर्ती स्थान दिले. ही कसोटी इतकी सूक्ष्म आहे की पूर्वी ज्याला झटका म्हटले गेले नसते अशी कितीतरी प्रकरणे तिच्यामुळे झटक्यांच्या सदरात आली. रोग तोच, रुग्णही तेच, पण शब्दाची व्याप्ती वाढल्याबरोबर आकडा वाढला. हेलेनाचा अभ्यासकाल ह्या पुनर्व्याख्येच्या अलीकडे व पलीकडे दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. नव्या व्याख्येचा कल संख्या वाढविण्याकडे असल्यामुळे २००२ मधील घट तिच्या योगे समजावून देता येत नाही, हे खरे. परंतु ज्या पाच वर्षांची सरासरी काढली त्या पाचही वर्षांत ‘झटका’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला गेला होता, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

तिसरा घटक ‘स्थानिक’ ह्या विशेषणाचा. हेलेना येथील रहिवासी आणि बाहेरचे अशी जी विभागणी निबंधात आहे तिचा हेतू उघड आहे: नियम ज्यांना लागू होता आणि ज्यांना नव्हता त्यांची तुलना करणे. पण माणसे नगरपालिकेच्या हद्दीत बसून राहत नाहीत. बाहेरचा मनुष्य नोकरीसाठी, बाजारासाठी, भोजनासाठी हेलेनात येतो. हेलेनातला मनुष्य बाहेर जातो. धूर कोणाच्या वाट्याला किती आला ह्याचे मोजमाप ह्या अभ्यासात झालेले नाही, आणि हे निबंधकर्त्यांनाही मान्य आहे. तेव्हा रहिवासाची रेषा ही धुराच्या संपर्काची रेषा म्हणून वापरली गेली आहे, असे म्हणावे लागते. ही लक्षणा आहे, अभिधा नव्हे.

शेवटी, रुग्णालयात दाखल झालेल्यांची संख्या आणि झटका आलेल्यांची संख्या ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. झटका येऊन घरी अथवा रस्त्यातच प्राण गेलेला मनुष्य पहिल्या संख्येत येत नाही. निबंधाच्या शीर्षकात ‘दाखल होणे’ हा शब्द काळजीपूर्वक ठेवलेला आहे. वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून तो प्रथम गळाला.

४

दुसरी पायरी गुणोत्तराची. ४० वरून २४ म्हणजे ४० टक्के घट. गणित बिनचूक आहे. परंतु शेकडेवारीचा एक स्वभाव असा की ती आपल्या पोटातील मूळ संख्या झाकून टाकते. ४० टक्के हा शब्दप्रयोग ४० पैकी १६ साठी चालतो, तसाच ४ लाखांपैकी १ लाख ६० हजारांसाठीही चालतो. ऐकणाऱ्याच्या कानाला दोहोंत काहीच भेद जाणवत नाही. पुराव्याच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

परस्परांशी संबंध नसलेल्या, विरळ अशा घटना मोजल्या असता त्यांच्या संख्येत निव्वळ यदृच्छेने किती चढउतार व्हावा ह्याचा ढोबळ अंदाज त्या संख्येच्या वर्गमुळावरून येतो. ४० चे वर्गमूळ ६.३ च्या जवळपास. त्याच्या दुपटीएवढा फरक दोन्ही बाजूंना सोडला, तर २७ ते ५३ ह्या दरम्यानची कोणतीही संख्या एखाद्या वर्षी आली असता तिचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. २४ ही संख्या ह्या पट्ट्याच्या बाहेर आहे, पण फार दूर नाही. निबंधकर्त्यांनी स्वतः दिलेल्या मर्यादा ह्याहून बोलक्या आहेत: खरा फरक ९५ टक्के भरवशाने ०.३ आणि ३१.७ ह्यांच्या दरम्यान असावा. ह्याच मर्यादांची ४० शी शेकडेवारी काढली, तर घट पाऊण टक्का असू शकेल किंवा ७९ टक्के असू शकेल असा त्याचा अर्थ होतो. निबंधाचे खरे विधान हे आहे. ‘४० टक्के’ हा त्या प्रचंड पल्ल्याचा केवळ मध्यबिंदू होय. ज्या वाक्यात पल्ला सांगितला जातो ते वाक्य आणि ज्यात केवळ मध्यबिंदू सांगितला जातो ते वाक्य, ही एकाच आशयाची दोन रूपे नव्हेत. त्यांचा आशयच वेगळा आहे.

ह्या मुद्द्याची साक्ष निबंधातच दुसऱ्या एका ठिकाणी मिळते, आणि तिकडे टीकाकारांचे लक्ष जावे तेवढे गेलेले नाही. हेलेनाबाहेरील रुग्ण १२.४ वरून १८ झाले, म्हणजे ४५ टक्के वाढले. ही वाढ धूम्रपानबंदीमुळे झाली असे कोणी म्हटले नाही, आणि म्हणणे हास्यास्पदच ठरले असते. मूळ संख्या लहान असल्यामुळे एवढी उडी यदृच्छेनेही पडू शकते, हे सर्वांनी निमूटपणे मान्य केले. मान्यता रास्तच होती. पण मग त्याच रुग्णालयात, त्याच सहा महिन्यांत, ४५ टक्क्यांची वाढ कारणाविना संभवत असेल, तर ४० टक्क्यांच्या घटीलाही यदृच्छेचा काही हिस्सा द्यावयास हवा. १२ ह्या पायावरील चढउतार ४० वरील चढउतारापेक्षा शेकडेवारीत मोठा दिसणार, ही सवलत देऊनही युक्तिवादाचे तत्त्व कायम राहते. दोन्ही गट एकत्र घेतले, तर ५२.४ वरून ४२, म्हणजे सुमारे २० टक्क्यांची घट दिसते. हाही आकडा प्रमाणभूत मानण्याचे कारण नाही. हद्द कोठे आखली ह्यावर ४० आणि २० ह्यांतील निवड किती अवलंबून आहे, एवढे मात्र त्यावरून ध्यानात येते.

गुणोत्तराची आणखी एक परीक्षा बाहेरून करता येते. स्वतः धूम्रपान न करणाऱ्या मनुष्याला दुसऱ्याच्या धुरामुळे हृद्रोगाचा धोका सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढतो, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालात नमूद आहे. समजा, हेलेनातील एकूण एक मनुष्य अशा धुरात वावरत होता, आणि नियमाने तो धूर एका दिवसात पूर्णपणे नाहीसा केला. तरीही १३० वरून १०० वर येणे म्हणजे २३ टक्क्यांची घट. प्रत्यक्षात सर्वजण धुरात वावरत नव्हते आणि घराघरांतील धूर नियमाच्या कक्षेबाहेर होता. म्हणून वास्तविक अपेक्षा ह्याहून बरीच कमी असावयास हवी. नियमामुळे कित्येकांनी स्वतःचे धूम्रपान सोडले किंवा कमी केले असे मानले तर ती काहीशी वाढेल. परंतु ४० पर्यंत पोहोचण्यासाठी एवढ्या गोष्टी जुळून याव्या लागतात की यदृच्छेचा वाटा मानणे हेच लाघवाचे ठरते.

५

तिसरी पायरी पुराव्याची. येथे भारतीय तर्कपरंपरेची परिभाषा उपयोगी पडते. धुरावरून अग्नीचे अनुमान हे नैयायिकांचे नित्याचे उदाहरण. ते अनुमान टिकते ते व्याप्तीच्या, म्हणजे अव्यभिचारी साहचर्याच्या, बळावर. उलट अग्नीवरून धुराचे अनुमान केले तर ते फसते, कारण तेथे ओले इंधन ही उपाधी मध्ये असते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या एवढ्यावरून त्यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. मध्ये उपाधी नाही हे दाखवावे लागते. आधुनिक साथरोगशास्त्र निराळ्या शब्दांत हेच सांगते.

हेलेनाच्या बाजूने बोलावयाचे तर त्या अभ्यासात अन्वय आणि व्यतिरेक ह्या दोहोंचा आभास आहे. नियम होता तेव्हा संख्या कमी; नियम नव्हता तेव्हा, आधीही आणि नंतरही, सरासरीने अधिक. नुसत्या ‘आधी व नंतर’ तुलनेपेक्षा ही रचना निश्चितच बळकट आहे. शिवाय कार्यकारणाची यंत्रणाही अज्ञात नाही. धुराच्या अल्पशा संपर्कानेही रक्तातील बिंबाणू अधिक चिकट होतात आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर आपले काम नीट करीत नाही. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी तरुणांना अर्धा तास धुरात बसविले असता हृदयाच्या रोहिण्यांची प्रवाह वाढविण्याची क्षमता घटते, असे जपानमधील एका प्रयोगात २००१ साली आढळले. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांत परिणाम दिसणे अशक्य आहे, ही काही टीकाकारांची भूमिका ग्राह्य धरता येत नाही.

असे असले तरी हा व्यतिरेक एकदाच घडला, एकाच गावी घडला आणि सहाच महिने टिकला. उपाधींचे निराकरण एवढ्या सामग्रीवर होत नाही. त्यातच कालाचा सामान्य ओघ लक्षात घ्यावा लागतो. अमेरिकेत हृद्रोगाने होणाऱ्या मृत्यूंचा वयसापेक्ष दर १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सतत उतरत आला आहे. १९८० ते २००० ह्या काळातील घसरणीचे जे विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार तिचा जवळजवळ निम्मा भाग सुधारलेल्या उपचारांमुळे आणि तितकाच भाग धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आदी धोक्याच्या घटकांतील घटीमुळे होता. हा दीर्घकालीन कल आणि एका सहामाहीतील उतार ह्या दोहोंसाठी ‘घट’ हा एकच शब्द वापरला जातो. नदीचा उतार आणि लाटेचा उतार ह्यांना एक म्हणण्यासारखेच ते आहे.

निबंधकर्त्यांच्या स्वतःच्या भाषेत ही सावधगिरी आढळते. त्यांचा समारोप असा की धूम्रपानमुक्त जागांचे कायदे आणि हृद्रोगाची रुग्णता ह्यांत संबंध ‘असू शकेल’. येथे दोन अडसर आहेत: क्रियापद संभावनार्थी आहे, आणि नाते साहचर्याचे आहे, कारणाचे नव्हे. निबंधापासून पत्रकापर्यंत, पत्रकापासून मथळ्यापर्यंत आणि मथळ्यापासून सभेतील भाषणापर्यंत हे विधान जाताना पहिल्या टप्प्यात संभावना गळाली, दुसऱ्यात साहचर्याचे कारण झाले, आणि अखेरीस ‘बंदीने १६ जण वाचले’ असे वाक्य सिद्ध झाले. ह्या शेवटच्या वाक्याचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. ‘१६ जण’ हा कर्ता येथे निर्देशशून्य आहे. २४ रुग्ण खरे होते. त्यांना नाव, वय, खाट होती. उरलेले १६ हे सरासरी आणि प्रत्यक्ष ह्यांतील वजाबाकीचे अपत्य होय. शिवाय त्यांचे दाखल होणे टळले एवढेच मूळ निबंध म्हणतो. ‘वाचले’ हे क्रियापद जीव वाचल्याचे सांगते. वजाबाकीला माणसे समजण्याची ही चूक दयाबुद्धीतून होते, म्हणूनच ती ओळखणे कठीण जाते.

६

हेलेनाचा आकडा कितपत टिकाऊ होता ह्याचा निर्णय अखेर इतर ठिकाणच्या अनुभवाने केला. कोलोरॅडो राज्यातील प्वेब्लो ह्या सुमारे १ लाख वस्तीच्या नगरात जुलै २००३ पासून बंदी आली. तेथे दाखल होणाऱ्या रुग्णांचा दर वर्षाला १ लाख लोकांमागे २५७ वरून दीड वर्षात १८७ वर आणि पुढील दीड वर्षात १५२ वर आला. म्हणजे प्रथम २७ आणि एकंदर ४१ टक्क्यांची घट. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून संपूर्ण देशाला कायदा लागू झाला. तेथील नऊ रुग्णालयांत दहा महिन्यांच्या अवधीत तीव्र हृद्रोगाचे ३२३५ रुग्ण आले होते. कायद्यानंतरच्या तेवढ्याच अवधीत २६८४ आले. ही घट १७ टक्के. त्याच काळात, अद्याप कायदा न झालेल्या इंग्लंडमध्ये ती ४ टक्के होती. इंग्लंडमध्ये जुलै २००७ मध्ये कायदा आला. तेथील सुमारे ५ कोटी लोकसंख्येच्या नोंदींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला आणि आधीपासून चालू असलेला उतार वजा जाता कायद्याकडे जाणारी घट २.४ टक्के निघाली.

६०, ४०, १७, २.४. काही अपवाद वगळता लोकसंख्या जसजशी मोठी आणि पद्धती जसजशी काटेकोर होत गेली तसतसा आकडा आकसत गेला. ह्या अवरोहाचा सरसकट अर्थ लावणे मात्र चुकीचे होईल. इंग्लंडमध्ये कायद्यापूर्वीच पुष्कळशी कामाची ठिकाणे धूम्रपानमुक्त झालेली होती; त्यामुळे नाहीसा होण्याजोगा धूर तेथे कमीच उरला होता. तरीही एवढ्या मोठ्या उताराचे संपूर्ण स्पष्टीकरण त्याने होत नाही.

अधिक पुरे पडणारे स्पष्टीकरण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मिळते. शेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक गाव न घेता देशभरातील नोंदी एकत्र घेतल्या. बंदीनंतर काही ठिकाणी संख्या मोठ्या प्रमाणावर घटते हे त्यांनाही आढळले. परंतु जेवढ्या वेळा ती घटते जवळजवळ तेवढ्याच वेळा ती वाढते असेही आढळले. जेथे घट झाली तेथील वृत्तांत लिहिले गेले आणि छापले गेले. जेथे वाढ झाली तेथे लिहिण्याजोगे काही घडले असे कोणालाच वाटले नाही. भाषेच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित आहे. जुन्या ग्रंथांतून बोलीचे जे नमुने मिळतात ते कोणाला तरी टिपून ठेवावेसे वाटले म्हणून मिळतात. त्यांवरून त्या काळचे सर्वसामान्य बोलणे ठरविता येत नाही.

ह्याचा अर्थ बंदीचा परिणाम शून्य, असा काढणे पुन्हा त्याच चुकीच्या उलट्या टोकाला जाणे होय. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन ह्या संस्थेने २००९ साली ११ अभ्यासांची छाननी केली. त्यांत घटीचे आकडे ६ पासून ४७ टक्क्यांपर्यंत पसरलेले होते. समितीने दिलेला निर्णय शब्दयोजनेच्या दृष्टीनेही आदर्श आहे: धूम्रपानबंदी आणि झटक्यांतील घट ह्यांत कार्यकारणसंबंध आहे, हे तिने मान्य केले, पण ती घट किती, हे उपलब्ध सामग्रीवरून सांगता येत नाही, असेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले. पुरावा ह्या अर्थीचे प्रमाण आणि गुणोत्तर ह्या अर्थीचे प्रमाण येथे अलग केलेले आहे. एक असू शकते आणि दुसरे हाती नसू शकते.

७

हा प्रश्न केवळ परदेशातील एका लहान गावाच्या दप्तरापुरता असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे सुधारित नियम लागू झाले, आणि अशा नियमांच्या समर्थनार्थ परदेशी अभ्यासांचे आकडे मराठीतही उतरू लागले. उतरताना ते ‘प्रमाण’ ह्या शब्दाच्या वाटेने येतात. दाखल रुग्णांची संख्या, लोकसंख्येशी तिचा दर, आणि एकूण रोग्यांतील हिस्सा ह्या तीन कल्पना त्या एका शब्दात सामावून जातात. भरीस भर म्हणून ‘हार्ट अटॅक’ हा शब्द मराठी बोलण्यात रक्तपुरवठा तुटण्यालाही लागतो आणि हृदय अकस्मात् थांबण्यालाही लागतो. निधनवार्तांतील ‘हृदयक्रिया बंद पडून’ हा वाक्प्रयोग तर कारण न सांगताच कारण सांगितल्याचा भास निर्माण करतो, कारण मरणाऱ्या प्रत्येकाचीच हृदयक्रिया शेवटी बंद पडते. अशा शब्दांवर आधारलेल्या नोंदींवरून एखाद्या तालुक्यात झटके वाढले किंवा घटले असे म्हणणे म्हणजे मानदंडावाचून मोजणे होय. ‘संख्या’, ‘दर’ आणि ‘पुरावा’ हे तिन्ही शब्द मराठीत आहेत. ते आपापल्या जागी वापरले, तर निम्मे गोंधळ वाक्य लिहितानाच टळतील.

चांगल्या हेतूने सांगितलेला फुगीर आकडा निरुपद्रवी असतो, असा समज आहे. हेलेनाचा अनुभव त्याच्या विरुद्ध जातो. दुसऱ्याच्या धुरापासून नोकरदाराचे, भोजनालयातील वाढप्याचे, लहान मुलाचे रक्षण करावे, ह्यासाठी ४० टक्क्यांची गरज नव्हती. धूर अपायकारक आहे एवढे पुरेसे होते, आणि ते स्वतंत्रपणे सिद्ध झालेले होते. परंतु समर्थनाचा भार एकदा ४० वर टाकल्यानंतर ४० चे २.४ होताच विरोधकांना कायदाच खोटा ठरल्याची हाकाटी करावयास जागा मिळाली. वस्तुतः इंग्लंडमधील २.४ टक्के म्हणजे पहिल्या एका वर्षात तातडीने दाखल होणारे सुमारे १२०० रुग्ण कमी. हेलेनाच्या १६ पेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आणि कितीतरी अधिक भरवशाची आहे. तरीही तिचे मथळे गाजले नाहीत, कारण शेकडेवारीच्या भाषेत ती क्षुल्लक दिसते.

लहान लोकसमूहातील रोगाचे आकडे निरुपयोगी नसतात. कोठे पाहावे, हे ते सुचवितात. काय पाहिले, हे ठरविण्यास ते अपुरे असतात. हेलेनाच्या डॉक्टरांनी पहिले काम उत्तम रीतीने केले, आणि पुढील दहा वर्षांतील मोठे अभ्यास त्यांच्या निबंधाने जागविलेल्या जिज्ञासेतूनच उभे राहिले. त्यांच्या २४ ह्या संख्येचे मोल तेवढे आहे, आणि ते थोडे नाही.